ट्रेनरने दिलेली चिठ्ठी वाचता येत नाहीये: सेट, रेप, टेम्पो, आरआयआर म्हणजे नक्की काय?

ओंजळ

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यापूर्वी जिम लावली. वय ४१, त्याआधी फक्त चालायला जात होते. पहिला महिना ट्रेनर शेजारी उभे राहून "आता हे करा, आता थांबा" असं सांगत होते, त्यामुळे कुठे अडलं नाही. गेल्या सोमवारी त्यांनी एक चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाले, आता यावरून तुमचं तुम्ही करायचं. चिठ्ठी जशीच्या तशी इथे देते:

गॉब्लेट स्क्वॉट – ३×१०, ३-१-१-०, रेस्ट ९० से., आरआयआर २
डंबेल आरडीएल – ३×८, रेस्ट २ मि.
लॅट पुलडाउन + पुशअप – सुपरसेट, ३ राउंड
प्लँक – ३×३० से.
शेवटी १५ मि. झोन २

गॉब्लेट स्क्वॉट येतो. एक डंबेल छातीशी उभा धरून बैठक मारायची. प्लँकही येतो. पण ३×१० चा अर्थ दोघांना विचारला तर एकाने सांगितलं तीन वेळा दहा, दुसऱ्याने सांगितलं दहा वेळा तीन. त्या तीन-एक-एक-शून्याचा अर्थ तर कुणालाच सांगता आला नाही. ट्रेनर संध्याकाळच्या गर्दीत असतात, दोन मिनिटंही मिळत नाहीत. मला हे नीट समजून घ्यायचं आहे, नुसतं उरकायचं नाही. कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावं. माझ्यासारखे आणखीही असतील.

लोखंडी

चांगला धागा. पंधरा वर्षं वजनं उचलतोय, जमेल तेवढं सांगतो.

एकदा खाली बसून पूर्ण उभं राहिलात की ती एक रेप. मध्ये न थांबता अशा दहा केल्यात की एक सेट. मग ९० सेकंद रेस्ट. तुमच्या चिठ्ठीत ३×१० म्हणजे दहा-दहाचे तीन सेट, हाच सर्वसाधारण अर्थ. पण तुम्हाला दुसरं उत्तर देणारा माणूसही चुकीचा नव्हे. काही जण रेप्स आधी आणि सेट नंतर लिहितात. त्यामुळे नवीन ट्रेनरचा कागद हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यात सेट कुठला आकडा? ५×३ आणि ३×५ या दोन दिवसांत वजन वेगळं असतं.

रेस्टला बरेच जण फोन बघण्याचा वेळ समजतात, तो व्यायामाचाच भाग आहे. जोर लावताना स्नायू जे पहिलं, झटपट मिळणारं इंधन वापरतो ते फॉस्फोक्रिएटिन. त्याचा साठा काही सेकंदांत उतरतो आणि बराचसा भरून यायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून जड व्यायामाला रेस्ट मोठी आणि हलक्याला कमी. तुमच्या आरडीएलला दोन मिनिटं दिली आहेत ती यासाठीच. तिसऱ्या सेटमध्ये रेप्स पुऱ्या होत नसतील तर वजन कमी करण्याआधी घड्याळ बघा. बहुतेकदा रेस्टच चाळीस सेकंदांची झालेली असते.

आणि हे तीन सेट दहा रेप्सचं प्रकरण आलं कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म हे अमेरिकी सैन्यातले डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करण्यासाठी वजनं वापरू लागले. तोपर्यंत अशा रुग्णांना हलका व्यायाम भरपूर वेळा करायला देत. त्यांनी वजन हळूहळू वाढवत नेलं. १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी जी पद्धत मांडली तिच्यात दहा-दहाचे तीन सेट होते: दहा वेळा जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. म्हणजे मुळात त्यातले पहिले दोन सेट तयारीचे होते. वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या याच विचाराला जिममध्ये प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात. वॉर्म-अप सेट आणि वर्किंग सेट हे शब्द ऐकाल तेव्हा हे आठवा. ट्रेनर तीन सेट म्हणतात ते सहसा वर्किंग सेट, वॉर्म-अप त्यात धरलेला नसतो.

रानपाखरू

टेम्पो मी सांगते, कारण माझे गुडघे टेम्पोमुळे सुधारले.

३-१-१-० हे सेकंद आहेत. पहिला आकडा वजन खाली नेण्याचा, दुसरा खालच्या टोकाला थांबण्याचा, तिसरा वर आणण्याचा, चौथा वर थांबण्याचा. म्हणजे स्क्वॉटमध्ये तीन मोजत खाली बसा, एक मोजेपर्यंत तिथेच थांबा, एका सेकंदात उठा आणि वर न थांबता पुढची सुरू करा. एक रेप पाच सेकंदांची, दहा रेप्सचा सेट ५० सेकंदांचा. तुमचा सेट वीस सेकंदांत संपत असेल तर तो वेगळाच व्यायाम झाला म्हणायचा.

इथे एक गोष्ट सगळ्यांची चुकते. पहिला आकडा नेहमी वजन खाली जाण्याचाच असतो, सुरुवात कुठूनही होवो. लॅट पुलडाउनमध्ये तुम्ही दांडा खाली ओढता तेव्हा मशीनमधल्या वजनाच्या पट्ट्या वर जातात. दांडा वर सोडता तेव्हा पट्ट्या खाली येतात. मग तिथे तीन सेकंद कधी? दांडा वर सोडताना. जिममध्ये जाऊन एकदा पट्ट्यांकडे बघत करा, लगेच डोक्यात बसेल.

स्नायू ताणला जात असतानाही जोर धरून ठेवतो, त्या टप्प्याला एक्सेंट्रिक म्हणतात. आखडत जोर लावतो तो कॉन्सेंट्रिक. एक्सेंट्रिक टप्प्यात माणूस जास्त वजन पेलू शकतो, म्हणून तिथे आळस करणं सोपं असतं: वजन सोडून दिलं तरी ते आपोआप खाली येतंच. हळू सोडायचं असतं ते त्यामुळे.

नवखा

आरआयआर आणि आरपीई एकच का? आमच्याकडे फळ्यावर आरपीई ८ लिहितात.

लोखंडी

नवखा, एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी बघणं आहे. आरआयआर म्हणजे सेट थांबवला तेव्हा अंगात आणखी किती रेप्स शिल्लक होत्या. दोन शिल्लक असताना थांबलात तर आरआयआर २. आरपीई म्हणजे दहापैकी किती जोर लागला. दोन शिल्लक म्हणजे आरपीई ८, एक शिल्लक म्हणजे ९, काहीच शिल्लक नाही म्हणजे १०. आरपीईची मूळ कल्पना गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांची, पण त्यांची मोजपट्टी ६ ते २० होती आणि दम लागण्याच्या व्यायामासाठी जास्त वापरली गेली. कार्डिओच्या मशीनजवळ ६ ते २० चा तक्ता लावलेला दिसला तर गोंधळू नका, तो बोर्ग यांचा.

आता अडचण अशी की नवीन माणसाला शिल्लक किती ते कळत नाही. जळजळ सुरू झाली की वाटतं संपलं, आणि प्रत्यक्षात पाच-सहा रेप्स बाकी असतात. शेवटच्या दोन-तीन रेप्सची खूण जळजळ नाही, वेग आहे. तुम्ही पूर्ण जोर लावताय आणि तरीही वजन आपल्या आपण हळू वर जातंय, असं व्हायला लागलं की तळ जवळ आला. हे अनुभवायला एखाद्या मशीनवर, जिथे वजन अंगावर पडायची शक्यता नाही तिथे, महिन्यातून एकदा शेवटपर्यंत जाऊन बघा.

मशीनवर, हे मुद्दाम सांगतोय. फेल्युअर म्हणजे पुढची रेप पूर्ण न होणं. मी सुरुवातीला एका जिममध्ये होतो तिथे "फेल्युअरपर्यंत मार" एवढंच सांगून सोडायचे. दुपारची वेळ, मी एकटा, बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचा. नववी रेप अर्ध्यावर अडली आणि रॉड हळूहळू छातीवर येऊन टेकला. दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट लावलेल्या, त्यामुळे एका बाजूला कलवून प्लेट्स पाडताही येईनात. श्वास घेता येत होता पण हाक मारता येत नव्हती. शेवटी रॉड पोटावरून लोळवत मांड्यांपर्यंत नेला आणि उठून बसलो. दोन आठवडे बरगड्या दुखत होत्या. फेल्युअर शब्दासोबत स्पॉटर, म्हणजे वजन अडलं तर उचलायला शेजारी उभा राहणारा, हा शब्द कुणीतरी शिकवायला हवा होता.

म्हणून बेंच प्रेस एकट्याने करायची वेळ आलीच तर सेफ्टी पिना (रॉड अडवणारे आडवे दांडे) असलेल्या रॅकमध्ये करा, पिना छातीच्या किंचित खाली ठेवा. पिना नसतील तर क्लिपा लावू नका. आणि कुणी आसपास असेल तर विचारा, "स्पॉट देता का? आठ काढायच्या आहेत, मी सांगितल्याशिवाय हात लावू नका." एवढं आधी ठरलं पाहिजे. नाहीतर स्पॉट देणारा पहिल्या रेपपासूनच रॉड ओढत राहतो आणि आपण किती उचललं ते कळतच नाही.

साधामाणूस

वरचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. रॉडबद्दल एक भर घालतो, कारण नोंदवही ठेवणाऱ्यांची इथे सगळ्यात जास्त गडबड होते. रॉडचं स्वतःचं वजन धरायचं असतं. ऑलिंपिक बारबेल पुरुषांच्या स्पर्धेत २० किलोची आणि स्त्रियांच्या स्पर्धेत १५ किलोची. स्त्रियांची थोडी आखूड आणि पकडायला बारीक. प्रत्येक बाजूला १० ची प्लेट लावली म्हणजे २० किलोच्या रॉडवर एकूण ४०. कुणी वहीत २० लिहितो, कुणी १०, आणि महिन्याभराने कुणालाच काही कळत नाही. जिममध्ये आखूड, हलके रॉडही असतात, ते एकदा काट्यावर ठेवून बघा. स्मिथ मशीनच्या (रॉड ठरलेल्या मार्गावर वर-खाली सरकतो ते मशीन) रॉडचं वजन तर मशीनगणिक बदलतं.

डंबेलचं उलट. "दहाचे डंबेल" म्हणजे प्रत्येक हातात दहा.

रानपाखरू

ओंजळ, तुमच्या आरडीएलवर कुणी बोललं नाही. रोमेनियन डेडलिफ्ट. डेडलिफ्टमध्ये प्रत्येक रेप जमिनीवर स्थिर पडलेल्या वजनापासून सुरू होते, आरडीएलमध्ये उभं राहून सुरू होते आणि वजन जमिनीला टेकत नाही. रोमेनियाचे ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते निकू व्लाद हा व्यायाम करताना अमेरिकेतल्या वेटलिफ्टरांनी पाहिला आणि त्यावरून हे नाव पडलं.

स्क्वॉटमध्ये गुडघे आणि खुबे दोन्ही वाकतात. आरडीएलमध्ये गुडघे जेमतेम सैल, आणि सगळी घडी खुब्यात. याला हिंज म्हणतात, दाराच्या बिजागरीसारखं. मला कळायला वेळ लागला तो पाठ वाकवायची नाही आणि तरी पुढे झुकायचं, यामुळे. एक काठी घ्या. पाठीमागे उभी धरा, एक हात मानेमागे, एक कंबरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड. आता नितंब मागे ढकलत झुका, जणू हातात सामान आहे आणि दार मागून नितंबांनी लोटायचं आहे. तिन्हीपैकी एक जागा काठीपासून सुटली की थांबा. तुमची मर्यादा आज तिथपर्यंत. मांड्यांच्या मागच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे. कंबरेत जाणवत असेल तर डंबेल पायांपासून लांब गेले आहेत, मांडी-नडगीला घासतच खाली न्या.

फॉर्म फॉर्म म्हणतात ते हेच, अंगाची ठेवण. "फॉर्म तुटला" असं कुणी म्हटलं की तो सेट तिथे संपला, कागदावर रेप्स कितीही लिहिलेल्या असोत.

निवृत्तगुरुजी

वय ६५. रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी हलक्या वजनांना परवानगी दिली आहे. जिममधली मुलं "कोअर टाइट करा, श्वास धरा" सांगतात. आणि झोन २ साठी नाडीचा जो तक्ता लावला आहे त्यातला आकडा मी कधीच गाठत नाही, मग व्यायाम कमी पडतोय का?

शुश्रूषा

गुरुजी, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन्हींवर लिहिते.

श्वास रोखून जोर लावण्याला वलसाल्व्हा म्हणतात. पोटातला दाब वाढतो, कणा स्थिर राहतो, म्हणून जड वजन उचलणारे तो मुद्दाम वापरतात. पण त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. तुम्ही श्वास रोखू नका. जोर लावताना सोडा, वजन खाली आणताना घ्या. कोअर, म्हणजे पोट-कंबरेभोवतीचे स्नायू, टाइट करणं वेगळं: कुणी पोटात बोट टोचणार आहे म्हटल्यावर पोट जसं आपोआप कडक होतं तसं ठेवायचं. पोट आत ओढायचं नाही. हे करताना बोलता आलं पाहिजे, म्हणजे श्वास चालू आहे याची खात्री.

नाडीचं म्हणाल तर तो तक्ता "२२० वजा वय" म्हणजे मिनिटाला कमाल नाडी, असं धरून काढलेला असतो. ते ढोबळ सूत्र आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी "२०८ वजा वयाच्या ०.७ पट" असं सूत्र दिलं. चाळिसाव्या वर्षी दोन्हींचं उत्तर १८० च येतं. तुमच्या वयाला मात्र पहिल्याने १५५ आणि दुसऱ्याने १६२ च्या पुढे, म्हणजे सूत्रांचंच एकमत नाही. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी चढूच देत नाहीत. तुमची गोळी त्यातली असेल तर तक्ता तुमच्यासाठी नाहीच. बोलण्याची कसोटी वापरा: पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम. झोन २, म्हणजे कमाल नाडीच्या ६० ते ७० टक्क्यांवरचा व्यायाम, साधारण तेवढाच. गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि छातीत दडपण किंवा चक्कर वाटली तर लगेच थांबा.

ओंजळ, तुम्हालाही हीच कसोटी. आकडाच हवा असेल तर १७९ (२२० वजा ४१) च्या ६० ते ७० टक्के, म्हणजे साधारण १०७ ते १२५.

नवखा

काल लेग डे केला, आज जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय म्हणे. ते कमी कसं करायचं?

शुश्रूषा

लॅक्टिक अ‍ॅसिड नाही हो. मराठीत आपण "अंग आंबलं" म्हणतो, त्यामुळे कुणी अ‍ॅसिड म्हटलं की लगेच पटतं. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात खाली येतं. दुसऱ्या दिवशी कुठून दुखवणार? हे डॉम्स, म्हणजे व्यायामानंतर उशिरा सुरू होणारं स्नायूंचं दुखणं. सवय नसलेल्या व्यायामाने, त्यातही रानपाखरूंनी सांगितलेल्या एक्सेंट्रिक टप्प्याने, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येताना दुखतं. २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त, मग ओसरतं. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं ना? उतरताना मांडी ताणली जात जोर धरते, म्हणून. हलकं चालणं, झोप, पाणी. पुढच्या वेळी कमी दुखेल, शरीर फार लवकर सरावतं. न दुखणं म्हणजे व्यायाम वाया गेला असंही समजू नका.

डॉम्स दोन्ही पायांना साधारण सारखं, पसरट, दाबल्यावर दुखणारं असतं. उलट टोचल्यासारखी कळ, एकाच बाजूला, सांध्यात, करतानाच आली असेल तर ती इजा, थांबा आणि दाखवून घ्या. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: फार मोठा व्यायाम झाल्यावर स्नायू कमालीचे सुजून दुखत असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू मोडून त्यातली प्रथिनं रक्तात आल्यास मूत्रपिंडाला धोका असतो. त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, तो क्वचित होतो, पण नवखेपणी पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका मारणाऱ्यांना झालेला आहे.

साधामाणूस

सुपरसेट राहिलं: दोन व्यायाम पाठोपाठ, मध्ये रेस्ट नाही, दोन्ही झाल्यावर रेस्ट. ओंजळ, तुमच्या चिठ्ठीतला ओढण्याचा आणि ढकलण्याचा आहे, म्हणजे एक गट काम करताना दुसरा विसावतो. मात्र चिठ्ठीत तिथे रेप्स आणि रेस्ट लिहिलेलीच नाही, ती विचारून घ्या. ड्रॉप सेट वेगळा: व्यायाम तोच, थकल्यावर वजन उतरवून लगेच पुढे. तो तुम्हाला इतक्यात लागणार नाही.

आणि "टोनिंग" हा शब्द कानावर पडेलच. तशी वेगळी प्रक्रिया शरीरात नाही. स्नायू वाढतो किंवा घटतो, त्यावरची चरबी वाढते किंवा घटते. टोनिंगच्या नावाखाली स्त्रियांच्या हातात कायम एक-दोन किलोचे डंबेल दिले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओंजळ

सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी गर्दी नसताना गेले. ट्रेनरना विचारलं: सुपरसेटमध्ये दहा-दहा रेप्स, राउंड संपल्यावर ९० सेकंद. ते लिहायचं राहून गेलं होतं म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहून दिलं.

स्क्वॉटला ८ किलोचा डंबेल घेतला. आधी एक सेट नुसत्या अंगाने, वॉर्म-अप म्हणून. मग तीन-एक-एक-शून्य मोजत. आठवड्यापूर्वी १० किलो सहज होत होते असं वाटायचं. आज ८ नेच मांड्या थरथरल्या, कारण आधी मी खाली नुसती पडत होते. पहिला सेट आरआयआर ४ वाटला, दुसरा ३. तिसऱ्यात नववी रेप माझ्या मनाविरुद्ध हळू झाली, दहावी त्याहून हळू. आरआयआर १ लिहिलं. आरडीएलला काठी माकडहाडापासून सुटत होती, म्हणून गुडघ्यापर्यंतच गेले.

शुक्रवारी ९ घेऊ की ८ च ठेवू?

लोखंडी

८ च. तिन्ही सेट दहा-दहा होऊन शेवटच्यातही दोन शिल्लक राहिल्या की मग ९. शुक्रवारी रेस्ट मात्र घड्याळ लावून घ्या.